गाव महानगरपालिकेत जावं का? पुण्याच्या हद्दीवरच्या सोसायटीसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: पुणे महानगरपालिकेच्या हद्दीला लागून असलेल्या ग्रामपंचायतीत दोनशे फ्लॅटची सोसायटी आहे. पाणी बोअरचं आणि टँकरचं, सांडपाणी स्वतःच्या एसटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावर). गाव मनपात घ्यायची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. सोसायटीतले बहुतेक जण म्हणतात, ‘जाऊ दे एकदाचं’. गावातली जुनी घरं विरोधात आहेत. सोसायटीने पाठिंबा द्यावा, हरकत घ्यावी की गप्प बसावं?

गप्प मुळीच बसू नका. पाठिंबा द्यायचा असेल तरी तो लेखी आणि अटी मांडून द्या. समावेशाची अंतिम अधिसूचना निघाली की ग्रामपंचायत संपते आणि कर आकारायचा अधिकार मनपाकडे जातो. लगेच बदलतं ते एवढंच. पाणी, ड्रेनेज आणि रस्ता अधिसूचनेत लिहिलेले नसतात. ते जलवाहिनीच्या आराखड्यात, मनपाच्या अंदाजपत्रकात आणि विकास आराखड्यात असतात, आणि या तिन्हींची गती वेगवेगळी असते. ‘मनपा चांगली की ग्रामपंचायत’ यावर वाद घालून काही हाती लागत नाही. पाणी कुठून येणार, आराखडा कोण करणार आणि आपला नगरसेवक कधी निवडून येणार, एवढं शोधून काढा.

पुण्याचाच इतिहास बघा. १९९७ मध्ये ३८ गावं मनपात आली. विरोध इतका झाला की २००१ मध्ये १५ गावं पूर्ण आणि ५ गावं अंशतः बाहेर काढावी लागली. २०१४ मध्ये ३४ गावांसाठी प्रारूप अधिसूचना निघाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यातली ११ गावं आत आली. उरलेल्या २३ गावांची अंतिम अधिसूचना ३० जून २०२१ ला निघाली. आधीच्या ११ पैकी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावं २०२४ मध्ये मनपातून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची ओढाताण याहून जुनी: १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, जून २०१५ मध्ये पुन्हा आत, मार्च २०२० मध्ये १८ गावं बाहेर काढायचा निर्णय, आणि डिसेंबर २०२० मध्ये तो उच्च न्यायालयाकडून रद्द. एकदा आत गेलेलं गाव बाहेर पडू शकतं, पण मधल्या वर्षांत रस्त्याचं काम कोणी करायचं यावर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून विचार आधी करायचा.

पाण्याचा हिशेब आधी मांडा

शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण प्रमाण ५५ लिटर आहे. दोनशे फ्लॅट, घरटी चार माणसं म्हणजे ८०० माणसं. शहरी हिशेबाने रोज १,०८,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर. ग्रामीण हिशेबाने ४४,००० लिटर. गावाची नळयोजना उत्तम चालली तरी तिचं गणित वाड्या-वस्त्यांच्या मानाने बांधलेलं असतं, बारा मजली इमारतींच्या मानाने नाही. समावेशाच्या बाजूने यापेक्षा भक्कम मुद्दा नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे. त्यातून शहराला मिळणारा वाटा एकटी ग्रामपंचायत कधीच मिळवू शकत नाही.

पण धरणातलं पाणी सोसायटीच्या टाकीत पडेपर्यंत पाच टप्पे असतात: मंजूर कोटा, शुद्धीकरण केंद्र, मुख्य वाहिनी, उंच टाकी आणि वितरणाचं जाळं. यातला एक टप्पा अडला तरी टँकर सुरूच राहतो. सगळ्यात जास्त अडते ती टाकी. टाकीला जागा लागते. जागेसाठी आराखड्यात आरक्षण किंवा कुणाची तरी संमती लागते, आणि आराखडा वर्षानुवर्षं लांबतो. ‘पाइपलाइन तर आली आहे, पाणी का नाही?’ असं लोक विचारतात, तेव्हा कारण बहुधा टाकी नसणं किंवा टाकीपेक्षा वस्ती उंचावर असणं हे असतं. उताराच्या गावांत, म्हणजे सूस, बावधन किंवा आंबेगावच्या अंगाला, हे आधी तपासा.

पाणी आलं तरी ते शुद्ध होऊन येतं का, हा प्रश्न उरतोच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या भागाला विहिरीचं पाणी नुसतं निर्जंतुक करून दिलं जात होतं, शुद्धीकरण केंद्र नव्हतं. ही गावं मनपात येऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती. हद्द बदलली म्हणून पाण्याचा स्रोत बदलत नाही, आणि याची किंमत माणसांनी मोजली आहे.

त्यामुळे माहिती अधिकारात मनपाच्या पाणीपुरवठा विभागाला नेमकं विचारा. आमच्या गावासाठी प्रस्तावित स्रोत कोणता, किती दशलक्ष लिटर? सर्वांत जवळची टाकी कोणती, तिची क्षमता किती, तिच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची किती? प्रकल्प अहवाल झाला आहे का? चालू अंदाजपत्रकात तरतूद आहे का, असल्यास कोणत्या शीर्षाखाली? दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच उत्तर आलं तर त्याचा अर्थ पाणी नाही असाच घ्या.

कर: आकडा किती आणि कशाबद्दल

ग्रामपंचायतीचा कर भांडवली मूल्यावर, म्हणजे मिळकतीच्या किमतीवर, आणि पुणे मनपाचा कर वार्षिक करपात्र रकमेवर, म्हणजे अपेक्षित भाड्यावर, आकारला जातो. पद्धतच वेगळी असल्यामुळे ‘किती पट होईल’ याला एकच उत्तर नाही. शेजारच्या, आधीच मनपात असलेल्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या आणि तेवढ्याच जुन्या इमारतीचं बिल मागून बघा.

वाढ एकदम येत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२९-अ नुसार नव्याने आलेल्या भागात पहिल्या वर्षी जुन्या दराने आणि पुढे दरवर्षी वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्याने कर वाढत जातो. ढोबळ उदाहरण घ्या. फ्लॅटला ग्रामपंचायतीचा कर ४,००० रुपये आणि मनपाच्या दराने १४,००० होणार असेल, तर फरक १०,००० चा. टप्प्याला साधारण दोन हजार धरले तर सहाव्या वर्षी पूर्ण १४,०००. तेव्हापासून दोनशे फ्लॅटचा जादा भार वर्षाला वीस लाख. आता दुसरीकडे टँकर बघा: रोज पाच टँकर आणि समजा टँकरला हजार रुपये, तर वर्षाला सव्वाअठरा लाख. म्हणजे सहाव्या वर्षाआधी मनपाचं पाणी आलं तर सोसायटी जवळजवळ बरोबरीत सुटते, आणि रस्ता, दिवे, अग्निशमन हे वरचं. पाणी आलं नाही तर वीस लाखही भरायचे आणि सव्वाअठरा लाखही. हे गणित स्वतःच्या खऱ्या आकड्यांनी करून सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. वादाचा अर्धा जोर तिथेच ओसरेल.

बिल आल्यावर एकूण रकमेकडे न बघता रकान्यांकडे बघा. पुण्याच्या मिळकतकरात सर्वसाधारण कराखेरीज सफाई, अग्निशमन, पाणी, मलनिस्सारण, वृक्ष, शिक्षण असे भाग असतात. पाणी आणि मलनिस्सारणाच्या करांना अधिनियमातच सेवेशी जोडलेल्या अटी आहेत (कलमं १३० आणि १३१). जोडणी नाही, जाळं नाही, तरी कर लागला असेल तर आकारणीच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीतच लेखी हरकत घ्या. बिल आल्यानंतर ओरडण्यात फारसा अर्थ नसतो. कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं, पण तिथे आधी रक्कम भरावी लागते.

आकारणीत होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, क्षेत्र एक, करारनाम्यात दुसरं, आणि मनपाच्या मोजणीत तिसरं. काही फ्लॅटची नोंद नमुना ८ ला झालेलीच नसते. त्यांना मागच्या वर्षांची थकबाकी एकदम लागते. स्वतः राहणाऱ्यांना पुण्यात ४० टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज लागतो. ज्याने तो भरला नाही त्याचं घर भाड्याने दिलेलं धरलं जातं. सगळ्यात मोठा धक्का परवानगी नसलेल्या बांधकामाला बसतो: कलम २६७-अ नुसार कराच्या दुप्पटीपर्यंत दंड, म्हणजे लोकांच्या भाषेत तिप्पट कर. गावठाणाबाहेर गुंठा-दोन गुंठ्यांवर घरं बांधलेल्यांचा विरोध यामुळे असतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली, वीज आली, म्हणून घर कायदेशीर झालं असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं. अशा घरांसाठी गुंठेवारी नियमितीकरणाचा मार्ग आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. सोसायटीने गावातल्या लोकांशी बोलताना हा विषय स्वतःहून काढावा. ‘तुम्हाला विकास नको का?’ असं विचारून गावात फक्त दोन तट पडतात.

आराखडा कोणाच्या हातात

पुण्याभोवतीच्या गावांत बांधकाम परवानगी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देतं. गाव मनपात आलं की हे काम आपोआप मनपाकडे जाईल असं लोक धरून चालतात. २०२१ मध्ये तसं झालं नाही. २३ गावं मनपात आली आणि त्यांचा विकास आराखडा पीएमआरडीएकडेच ठेवला गेला. त्यामुळे विकास शुल्क एका कार्यालयात जमा आणि खड्ड्याची तक्रार दुसऱ्या कार्यालयात. नव्या इमारतींना परवानगी देणाऱ्यावर पाणी द्यायची जबाबदारी नाही, आणि पाणी देणाऱ्याच्या हातात परवानग्यांचा वेग नाही. समावेशानंतरही सुविधा मागे का पडतात याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून समावेश आणि नियोजनाचे अधिकार एकाच वेळी मनपाकडे जावेत, ही मागणी तुमच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर असावी.

शेतकऱ्यांची भीती आरक्षणाची असते. ती निराधार नाही. १९९७ मध्ये आलेल्या गावांतल्या टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा निर्णय व्हायला २०१५ उजाडलं. तोवर त्या जमिनी ना धड विकता आल्या, ना त्यांवर बांधता आलं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकतींसाठी ३० दिवस असतात. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर कलम १२७ ची खरेदी नोटीस, म्हणजे ‘आता जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पुढची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. सोसायटीने इथे एक गोष्ट जरूर बघावी: मंजूर नकाशातली सुविधा जागा (सार्वजनिक सोयींसाठी राखलेली) आणि मोकळी जागा सातबाऱ्यावर आज कोणाच्या नावावर आहे? बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर राहिलेली सुविधा जागा हद्दबदलाच्या गोंधळात हातची जाते. सातबारा समावेशानंतरही तलाठ्याकडेच चालू राहतो, त्यामुळे ही दुरुस्ती कधीही करता येते. पण आधी केलेली बरी.

शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र, ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांचं हस्तांतरण होतं. त्याला वेळ लागतो, पण ते मार्गी लागतं. ग्रामीण रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुल योजना मात्र बंद होतात. गावात त्यावर अवलंबून असलेली कुटुंबं असतील तर हे त्यांना आधी सांगायला हवं. फ्लॅट विकणार असाल तर मुद्रांक शुल्काचा दरही हद्दीप्रमाणे बदलतो. दुय्यम निबंधकाकडे चौकशी करून मग व्यवहाराची तारीख ठरवा.

सरपंच जातो, नगरसेवक कधी येतो?

याकडे सोसायट्या सगळ्यात कमी लक्ष देतात. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात आणि ते गावात राहतात. २०१७ च्या ११ गावांना २०१९ च्या पोटनिवडणुकीत मिळून दोन नगरसेवक मिळाले. २०२१ च्या २३ गावांचं तर अजून अवघड झालं. मनपाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आला, आणि निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. साडेचार वर्षं या गावांना स्वतः निवडलेला एकही स्थानिक प्रतिनिधी नव्हता, आणि नेमक्या याच काळात कराची बिलं येत होती. तुमचा समावेश मनपाच्या निवडणुकीनंतर लगेच झाला, तर तुमच्या बाबतीतही हेच घडेल. पोटनिवडणूक कधी घेणार, हे हरकतीत विचाराच.

मग उत्तर काय?

गावाची लोकसंख्या मुख्यतः इमारतींतली असेल, स्वतःचा पाण्याचा स्रोत नसेल आणि मनपाची वाहिनी किंवा टाकी एक-दोन किलोमीटरवर आली असेल, तर आत जावं. अशा गावाला ग्रामपंचायत पुरी पडत नाही, आणि वेगळी नगरपरिषद झाली तरी तिला पाणी मनपाकडेच मागावं लागेल. तुमची सोसायटी या वर्गात मोडते असं वर्णनावरून दिसतं, म्हणून माझा कल पाठिंब्याकडे आहे. गाव पसरलेलं, शेती चालू, नळयोजना धड चाललेली आणि मनपाची टाकी लांब असेल, तर घाई नको. दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येला नगरपंचायत, त्यापुढे नगरपरिषद हा मार्ग आहे, आणि आजूबाजूची तीन-चार गावं एकत्र आली तर तो जास्त टिकाऊ ठरतो. फक्त त्यातही कर वाढतो, हे लोकांपासून लपवू नका.

हरकत-सूचना कशी द्यायची

अधिनियमाच्या कलम ३ नुसार राज्य शासन मनपाशी विचारविनिमय करून प्रारूप अधिसूचना राजपत्रात काढतं आणि हरकतींसाठी सहसा ३० दिवस देतं. त्यानंतर सुनावणी आणि मग अंतिम अधिसूचना. ग्रामसभेचा ठराव शासनावर बंधनकारक नसतो, पण तो कागदावर असावा. अंतिम अधिसूचनेत अटी घातल्या जात नाहीत, हेही लक्षात घ्या. तुमच्या निवेदनाचा उपयोग पुढे होतो: अंदाजपत्रकात तरतूद मागताना, करावर हरकत घेताना, आणि वेळ आली तर न्यायालयात.

प्रारूप हातात आलं की पहिल्यांदा हद्दीचं वर्णन आणि गट क्रमांकांची यादी वाचा. गाव अंशतः घेतलं जातं तेव्हा सोसायटीचा एक गट आत आणि रस्त्याचा गट बाहेर राहू शकतो. लोहगाव, हडपसर आणि मुंढव्याचे उर्वरित भाग यामुळेच २०१७ पर्यंत लटकले होते. निवेदन एका पानाचं ठेवा: गट क्रमांक, फ्लॅट, लोकसंख्या, रोजची पाण्याची गरज लिटरमध्ये, सध्याचा स्रोत आणि खर्च, आणि तारखा घालून मागण्या. सोसायटीचं एक आणि प्रत्येक फ्लॅटचं वेगळं, प्रत्येकावर पोच घ्या. सुनावणीला दोघांनी जावं: एकाने बोलावं, दुसऱ्याने नोंद ठेवावी.

या तीस दिवसांतच ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चे उतारे, गेल्या पाच वर्षांच्या कराच्या पावत्या, नळजोडणीचे आदेश, ना-हरकत दाखले आणि सोसायटीबद्दलचे ठराव यांच्या साक्षांकित प्रती काढून घ्या. दप्तर मनपाकडे गेलं की एक कागद शोधायला महिने जातात. पीएमआरडीएकडून मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि मनपाचं पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पाणी पुरवण्याचं हमीपत्र बिल्डरने दिलं असेल तर त्याची प्रत घ्या. समावेशानंतर बिल्डर म्हणतो ‘आता मनपा बघेल’ आणि मनपा म्हणते ‘बिल्डरला विचारा’. तेव्हा ते हमीपत्र कामाला येतं.

एसटीपी बंद करू नका. मनपाची मलवाहिनी येऊन जोडणी मंजूर होईपर्यंत ती चालवणं तुमच्यावरच आहे, आणि रोज शंभर किलोहून जास्त कचरा होत असेल तर ओल्या कचऱ्याची प्रक्रियाही. टँकरचा वार्षिक करार मात्र आताच बदला. मनपाची जोडणी सुरू झाल्यावर एक महिन्याच्या सूचनेने तो संपवता येईल असं कलम त्यात घाला, आणि दर टँकरमागे न ठरवता मीटरच्या नोंदीप्रमाणे लिटरमागे ठरवा.